सिल्व्हर लेस्ड वायनडॉट: छाती स्वच्छ पण पाठीवर काळे ठिपके, पुढच्या जोड्या कशा लावू?

रुपेरीपंख:
नमस्कार मंडळी, सिल्व्हर लेस्ड वायनडॉट या कोंबड्यांच्या जातीबद्दल विचारायचंय, जरा लांब होईल पण सगळं एकदाच सांगतो. मूळ पक्षी चांगल्या लाइनचे आहेत, त्यांच्या पिल्लांची पिल्लं आता मोठी झालीयेत. तलंगांची (तरुण माद्यांची) छाती बघाल तर एकदम स्वच्छ, पांढऱ्या पिसाला चहूबाजूंनी काळी किनार, बघतच राहावं अशी. पण नजर पाठीवर गेली की चित्र बदलतं, पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो तिथे पिसाच्या पांढऱ्या भागात बारीक बारीक काळे ठिपके पसरलेत, काही पिसांत तर पांढरं नावालाच उरलंय. दोनतीन तलंगांचं उलटं आहे, मधला भाग स्वच्छ पण किनार फक्त टोकाला जाड आणि बाजूंना पुसट, म्हणजे अर्धचंद्रासारखी. कोंबड्यांपैकी एकाच्या मानेवर पिवळट झाक आहे आणि काही पिल्लांना तर चक्क साधा उभा तुरा आलाय, आईबाप दोघंही रोज कोंबचे (चपट्या, दाणेदार तुऱ्याचे) असताना!

मला शोसाठी लाइन उभी करायचीय, नुसते दिसायला बरे पक्षी नकोत. तर प्रश्न असे की यातलं काय ठेवू आणि काय काढू, किती वयाला निर्णय घेऊ, आणि एकाने सांगितलं की गोल्डन लेस्ड (सोनेरी रंगाचा) कोंबडा लाव लेसिंग, म्हणजे पिसाची काळी किनार, सुधारेल, ते करावं का? साधा तुरावाली पिल्लं सरळ बाद करायची का? जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

खुराडेकर:
वय किती आहे तलंगांचं ते लिहिलं नाहीत. पिल्लू मोठं होताना एकाहून जास्त वेळा पिसं बदलतं आणि लहानपणच्या पिसांवरचं लेसिंग बघून काहीही ठरवू नये, त्यात ठिपके, रेघा, पुसट किनारी सगळं असतं आणि पुढे जातंही. साधारण पाच-सहा महिन्यांनी मोठेपणाची पूर्ण पिसं येतात तेव्हा पहिला खरा निर्णय. त्याआधी फक्त वाकडी चोच, वाकडी बोटं, अशक्त वाढ यावर काढा, रंगावर नको.

रुपेरीपंख:
धन्यवाद. सात महिने पूर्ण झालेत, अंडी पण सुरू झालीयेत, म्हणजे पिसं पूर्ण आलेली आहेत.

पीसवही:
मग आता बोलूया. माझं पहिलं सांगणं एकच, पक्षी लांबून बघणं बंद करा आणि पीस हातात घ्या. लेसिंगच्या ब्रीडमध्ये सगळा खेळ एका पिसाचा आहे, पक्षी म्हणजे ती हजारो पिसं एकावर एक रचलेली. प्रत्येक तलंगेचं एक पीस छातीचं, एक पाठीचं, एक शेपटीच्या मुळाजवळच्या फुगीर भागाचं आणि एक पंखाच्या वरच्या भागाचं, असं हलक्या हाताने उपटा (उपटलेलं पीस साधारण दीडदोन महिन्यांत परत येतं, तुटलेलं मात्र पुढच्या झडणीपर्यंत तसंच राहतं, म्हणून अर्धवट तोडू नका) आणि वहीत चिकटवून खाली पक्ष्याचा रिंग नंबर आणि तारीख लिहा. सिल्व्हरचं पीस पांढऱ्या कागदावर कळतच नाही, राखाडी किंवा निळा कागद घ्या. पुढच्या वर्षी त्याच पक्ष्याचं त्याच जागेचं पीस शेजारी चिकटवा. ही वही दोन वर्षं नीट ठेवली ना की जोड्या लावताना कुणाला विचारावं लागत नाही.

पिसात काय बघायचं ते सांगतो. आधी मधला भाग, तो निव्वळ पांढरा पाहिजे, ठिपका नको, रेघ नको, धुरकट छटा नको. मग दांडा बघा, काही पिसांत मधल्या काडीच्या कडेने काळपट किंवा फिकट रेघ उतरते, लांबून दिसत नाही पण जजने पक्षी हातात घेतला की दिसते. मग किनार, ती टोकाला जेवढी रुंद तेवढीच बाजूंना पाहिजे आणि काळा रंग चमकदार हिरवट झाक असलेला पाहिजे, मातकट नको. किनारीच्या बाहेर परत पांढरी धार दिसतेय का तेही बघा, त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात आणि ती मोठी खोट धरतात, लेसिंग पिसाच्या अगदी कडेपर्यंत गेलं पाहिजे. आणि शेवटी पिसाचा आकार, ही गोष्ट लोक सोडूनच देतात. रुंद आणि गोल टोकाचं पीस असेल तरच किनार सगळीकडे सारखी बसते, अरुंद टोकदार पिसावर कितीही चांगले जीन्स असोत, मधला पांढरा भाग बदामासारखा किंवा व्ही आकाराचा दिसणार. तुमच्या अर्धचंद्रवाल्या तलंगांची पिसं मोजून बघा, बहुतेक छातीच्या मानाने पाठीची अरुंद निघतील. पीस तळाशी राखाडी असणं ही मात्र खोट नाही, सिल्व्हर लेस्डमध्ये ते तसंच असतं, त्यावर कुणी घाबरवलं तर लक्ष देऊ नका.

आता ठिपक्यांचं. तुमच्या पक्ष्यांची छाती चांगली आणि पाठ वाईट आहे, हे फार कॉमन आहे, पाठ, फुगीर भाग आणि पंख हे लेसिंगमधले सगळ्यात कठीण भाग आणि छाती सगळ्यात सोपी. त्यामुळे छाती बघून निवड केली की पिढ्यानपिढ्या पाठ तशीच राहते. तुमची निवड उलट्या क्रमाने करा, आधी शेपटीच्या मुळाजवळचा फुगीर भाग, मग पंख, मग पाठ, छाती सगळ्यात शेवटी. फुगीर भाग स्वच्छ असलेल्या तलंगेची छाती वाईट असणं जवळजवळ होत नाही.

आणि वर्षभर थांबायची तयारी ठेवा. काही तलंगा पहिल्या वर्षी सुंदर असतात आणि पहिल्या मोठ्या झडणीनंतर नवीन पिसं येतात ती मॉसी, म्हणजे ठिपक्यांची. दुसऱ्या वर्षीही जी कोंबडी स्वच्छ राहिली ती तुमच्या लाइनचं सोनं आहे, तिला शोला एकदा कमी न्या पण तिची अंडी वाया घालवू नका.

सेब्राइटवेडा:
वरच्या दादांच्या वहीच्या कल्पनेला माझं अनुमोदन. मी सेब्राइट (लेसिंगवाली बँटम, म्हणजे छोट्या कोंबड्यांची जात) पाळतो म्हणून एक भर घालतो. कोंबड्याची निवड. वायनडॉटच्या नरात लेसिंग दिसतं कुठे, छातीवर, मांड्यांवर, पंखाच्या पट्ट्यात. मान आणि पाठीची पिसं टोकदार असतात, त्यात काळी रेघ आणि पांढरी कड असते, लेसिंग नाहीच. म्हणजे पाठीचं लेसिंग, जे तुम्हाला सुधारायचंय, ते कोंबड्यावर दिसतच नाही! सेब्राइटमध्ये नराला कोंबडीसारखी पिसं असतात त्यामुळे अंगभर लेसिंग दिसतं, निवड सोपी जाते. तिथे एक जीन आहे ज्यामुळे कातडीत नराच्या हॉर्मोनचं मादीच्या हॉर्मोनमध्ये रूपांतर होतं आणि टोकदार पिसं, लांब विळ्यासारखी शेपूट येत नाही. सर जॉन सेब्राइट यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही बँटम तयार केली आणि अमेरिकन स्टँडर्डच्या (शोचे पक्षी कसे असावेत ते सांगणाऱ्या पुस्तकाच्या) १८७४च्या पहिल्याच आवृत्तीत ती आहे, म्हणजे लेसिंगवर माणूस किती जुन्या काळापासून घाम गाळतोय बघा.

तर वायनडॉटमध्ये कोंबडा कसा निवडायचा? बहिणी बघून. ज्या कोंबड्याच्या सख्ख्या बहिणींची पाठ स्वच्छ, आई दुसऱ्या वर्षीही स्वच्छ, तो कोंबडा घ्या, भले त्याची स्वतःची छाती दोन नंबरची का असेना. त्यासाठी कोणतं पिल्लू कोणाचं हे माहीत पाहिजे, म्हणजे एका पेनमध्ये (जोड्या ठेवायच्या खुराड्यात) एकच कोंबडा, अंड्यावर आईचा नंबर पेन्सिलने लिहायचा, उबवताना वेगळ्या जाळीच्या खणात ठेवायची आणि पिल्लू निघाल्या निघाल्या पायाच्या बोटांमधल्या पातळ कातडीला भोक पाडून किंवा पंखाला बँड लावून खूण करायची. कोंबडा बदलायचा असेल तर आधीचा काढून तीन आठवडे थांबा, कारण कोंबडीच्या पोटात वीर्य दोन आठवडे सहज टिकतं, मध्ये जमवलेली अंडी कोणाची हे सांगता येणार नाही.

रुपेरीपंख:
हे बहिणींचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, खूप महत्त्वाचं सांगितलंत. पण मग गोल्डनचं काय? आणि शोसाठी नर आणि मादी एकाच पेनमधून चांगले निघतात का, का वेगवेगळे पेन करावे लागतात?

जीनवाला:
गोल्डनबद्दल मी थोडं सविस्तर लिहितो कारण यात गैरसमज खूप आहेत. आधी लेसिंगचं गणित. एका किनारीचं लेसिंग हे एका जीनचं काम नाही, वायनडॉटमध्ये साधारण तीन गोष्टी एकत्र लागतात. एक पॅटर्न जीन, तो पिसावरचा काळा रंग रेघांमध्ये बसवतो. दुसरा मेलॅनोटिक, तो काळा वाढवून घट्ट करतो. तिसरा कोलंबियन, तो मधल्या भागातला काळा काढून कडेला ढकलतो. नुसता पॅटर्न असेल तर ब्रह्मा जातीसारख्या अनेक बारीक रेघा येतात, ज्याला पेन्सिलिंग म्हणतात. पॅटर्न आणि मेलॅनोटिक असेल पण कोलंबियन नसेल तर बार्नेवेल्डर जातीसारखं दुहेरी लेसिंग. तिन्ही मिळाले की एक स्वच्छ किनार. तुमच्या तलंगांच्या मध्यात काळं राहतंय याचं पहिलं संशयित कारण म्हणजे कुठेतरी कोलंबियन आईबापांपैकी एकाकडूनच आलाय, दोघांकडून नाही. अशा पक्ष्यांना आपसात लावलं तर काही पिल्लं स्वच्छ निघतील, काही मध्यम आणि काही फार वाईट, आणि फार वाईट पिल्लं निघणं हाच पुरावा असेल. त्यामुळे जोडीच्या पिल्लांमध्ये किती फरक पडतो ते टिपून ठेवा. सगळी सारखीच थोडी थोडी मॉसी असतील तर गोष्ट वेगळी, तिथे छोट्या छोट्या अनेक जीन्सचा प्रश्न असतो आणि तो फक्त निवडीने, हळूहळू सुटतो.

आता सिल्व्हर आणि गोल्ड. हा जीन लिंगसूत्रावर आहे, कोंबडीकडे त्याची एकच प्रत असते आणि ती तिला बापाकडून मिळते, कोंबड्याकडे दोन. म्हणून कोणी कोणाला लावलं यावर सगळं अवलंबून. सिल्व्हर कोंबडीवर गोल्डन कोंबडा लावला (तुम्हाला जे सुचवलंय तेच) तर सगळ्या तलंगा गोल्डन निघणार आणि सगळे कोंबडे अर्धे सिल्व्हर अर्धे गोल्ड, ज्यांच्या मानेवर आणि पाठीवर पिवळट झाक राहते आणि पुढे लाइनमध्ये ती फिरत राहते. म्हणजे तुमच्या कामाचं काहीच हातात येत नाही. पण उलटं केलं, सिल्व्हर कोंबडा आणि गोल्डन कोंबडी, तर सगळ्या तलंगा सिल्व्हर, आणि त्यांच्याकडे गोल्डची प्रतच नसते कारण त्यांना बापाची एकच प्रत मिळाली. मग त्या तलंगा परत स्वच्छ सिल्व्हर कोंबड्याला लावा आणि सिल्व्हर-गोल्डनच्या पहिल्या जोडीतून निघालेले कोंबडे सगळे बाजूला काढा. गोल्डन कोंबडीचं लेसिंग खरंच तुमच्यापेक्षा सरस असेल तर हा मार्ग आहे. नसेल तर मुळीच हात लावू नका.

पीसवही:
जीनवाल्यांचं गणित बरोबर आहे पण माझा विरोध नोंदवतो. कागदावर तलंग शुद्ध सिल्व्हर असली तरी गोल्डन लाइनमध्ये लाल गडद करणारे इतर जीन्स असतात, महोगनी वगैरे, ते लिंगसूत्रावर नसतात आणि ते तिच्यात येणारच. मग पंखावर, खांद्यावर तांबूस डाग पुढे दोनतीन पिढ्या डोकं वर काढतात. रुपेरीपंख यांच्याकडे स्वतःच्याच छातीत उत्तम लेसिंग असलेल्या तलंगा आहेत, म्हणजे तिन्ही जीन्स घरात आहेत, मग बाहेरून उसनं का आणायचं? आहे त्यातून निवड करा, फार तर त्याच रंगाचा दुसऱ्या लाइनचा कोंबडा आणा. सुरुवातीला दोन रंगांचा खेळ नको.

जीनवाला:
मान्य, नवीन माणसाला मी पण हा मार्ग पहिला सांगणार नाही. फक्त कोणी करणारच असेल तर दिशा तरी बरोबर धरावी म्हणून लिहिलं. आणि पिवळट मानेच्या कोंबड्याबद्दल, तो पेनमध्ये घेण्याआधी जरा तपासा. पिवळेपणा दोन कारणांनी येतो. एक, त्याच्याकडे गोल्डची एक प्रत आहे, मग रंग पिसाच्या आतपर्यंत, मुळाकडेही असतो. दुसरं, ऊन आणि खाद्य. पांढऱ्या पिसाला तीव्र उन्हाने पिवळटपणा येतो, आणि मक्यासारख्या खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यानेही पिसं वाढताना येतो. एक पीस उपटून सावलीत परत उगवू द्या, खाद्यात पिवळा मका बंद करा. नवीन पीस दुधासारखं पांढरं आलं तर कोंबडा निर्दोष. पिवळंच आलं तर त्याला पेनबाहेर ठेवा.

खुराडेकर:
तुऱ्याचं राहिलं. साधा तुरा म्हणजे आईबाप दोघंही लपवून साध्या तुऱ्याचा जीन बाळगत होते, रोज कोंब प्रभावी असतो, अशा जोडीतून साधारण चारातलं एक पिल्लू साध्या तुऱ्याचं निघतं. शोला ते चालणार नाही. पण सगळ्या लपवणाऱ्या पक्ष्यांना हुडकून काढायच्या मागे लागू नका, कारण रोज कोंबच्या दोन्ही प्रती असलेल्या कोंबड्यांची प्रजननक्षमता कमी असते, वीर्यातल्या शुक्राणूंची हालचाल मंद असते, ही वायनडॉटमधली जुनी आणि पक्की माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणून बरेच जुने ब्रीडर एक प्रत असलेला कोंबडा मुद्दाम ठेवतात आणि अधूनमधून निघणारी साध्या तुऱ्याची पिल्लं सोसतात. आणि साध्या तुऱ्याच्या एखाद्या तलंगेची पाठ सगळ्यांत स्वच्छ असेल तर तिला रोज कोंबच्या कोंबड्याखाली जरूर वापरा. तुरा एका पिढीत परत येतो, पाठीचं लेसिंग परत मिळवायला पिढ्या जातात.

अजून एक, वायनडॉटला मागच्या बाजूला लव इतकी दाट असते की नुसत्या त्यामुळेच अंडी निर्जीव निघतात. पेन लावण्याआधी नर मादी दोघांचीही गुदद्वाराभोवतीची मऊ पिसं कात्रीने कापा. शोला न्यायच्या पक्ष्याची मात्र कापू नका, म्हणून शोचे पक्षी आणि पेनचे पक्षी त्या हंगामापुरते वेगळे ठेवावे लागतात.

सेब्राइटवेडा:
वेगळ्या पेनबद्दल विचारलंय त्याचं सांगतो. हो, ब्रिटनमध्ये लेस्ड वायनडॉटसाठी जुन्या काळापासून दुहेरी पेनची पद्धत आहे, एक पेन शोचे कोंबडे काढायला आणि एक पेन शोच्या तलंगा काढायला, कारण स्टँडर्डप्रमाणे दिसणारा कोंबडा आणि स्टँडर्डप्रमाणे दिसणारी तलंग एकाच जोडीतून नेहमी निघत नाहीत. शोचा काळाभोर पट्टा असलेला कोंबडा बऱ्याचदा गडद, ठिपक्यांच्या मुली देतो. पण त्यासाठी पक्षी दुप्पट पाळावे लागतात. तुम्ही आधी तलंगांचं पेन पक्कं करा, तेच अवघड आहे, नरांचं नंतर बघता येईल.

रुपेरीपंख:
मग मी असं करतो, चार स्वच्छ पाठीच्या तलंगा (त्यात एक साध्या तुऱ्याची) आणि त्यांचाच एक भाऊ, असं पेन लावतो. अर्धचंद्रवाल्या तलंगा बाजूला. भावाबहिणीत नातं फार जवळचं होतंय का?

पीसवही:
भावाऐवजी बाप किंवा काका हाताशी असेल तर तो घ्या, बाप चांगला असेल तर बाप-मुलगी ही जोडी लाइन पक्की करायला भावाबहिणीपेक्षा बरी, कारण बाप तुम्ही दोन वर्षं पाहिलेला असतो. पण त्याची आई किंवा बहीण मॉसी नव्हती ना ते आधी वहीत बघा. आणि जवळच्या नात्यात पहिली घसरण लेसिंगमध्ये दिसत नाही, अंडी उबण्यात, पिल्लांच्या जोमात दिसते, म्हणून प्रत्येक बॅचला किती अंडी फळलेली, किती पिल्लं निघाली, किती जगली हे लिहीत चला. आकडे सलग दोन हंगाम पडले की त्याच रंगाचा, त्याच प्रकारच्या किनारीचा कोंबडा दुसरीकडून आणा, आणि त्याला आधी तुमच्या एकाच कोंबडीवर लावून मुली बघा, सगळ्या पेनवर एकदम सोडू नका.

अर्धचंद्रवाल्या तलंगांचं मात्र घाईने करू नका. त्यांचा मधला भाग स्वच्छ आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि ती तुमच्या घरात कमी असलेली गोष्ट आहे. त्यातली ज्या एकीची पिसं सगळ्यांत रुंद आहेत तिला ठेवा आणि जाड, घट्ट किनारीच्या कोंबड्याखाली एक हंगाम वापरून बघा. पुसट किनारीवर पुसट किनारीचाच नर लावला तर मुलींची किनार बाजूंनी तुटायला लागते, आणि जाडावर जाड लावलं की काळं मधल्या भागात उतरतं. दोन टोकं आपसात जुळवायची नाहीत, एक थोडं इकडचं आणि एक थोडं तिकडचं घ्यायचं.

रुपेरीपंख:
बाप आहे अजून, तीन वर्षांचा, तब्येतीने ठणठणीत. त्याच्या आईचं पीस माझ्याकडे नाही पण दोन बहिणी ज्यांच्याकडे गेल्यात त्यांच्याकडून फोटो नाही, पीसच मागवतो. आजच सगळ्या तलंगांची चार चार पिसं काढायला बसतोय, निळा कागद घरात आहेच.

सेब्राइटवेडा:
मागवताना पाठीचं आणि शेपटीच्या मुळाजवळचं मागवा, लोक न सांगता छातीचंच पाठवतात. आणि बाप तीन वर्षांचा असेल तर त्याच्याखाली आठदहा कोंबड्या टाकू नका, तीनचारच ठेवा, आणि पहिल्या अंड्यांची एक छोटी बॅच लावून सातव्या दिवशी टॉर्चने बघून घ्या फळतायत का, म्हणजे हंगाम वाया जाणार नाही.